कन्यानामविचार

सोळा संस्कारांपैकी बहुतेक संस्कार त्या त्या दिवशी आटोपतात आणि मागे त्यांची आठवण तेवढी उरते; परंतु ज्याचा परिणाम संस्कारित व्यक्तीला हयातभर, शाळेच्या हजेरीपटापासून मामलेदार कचेरीतील दाखल्यापर्यंत आणि सख्यांच्या हाकेपासून वारसाच्या नोंदीपर्यंत, रोज अनुभवावा लागतो, असा संस्कार नामकरणाचा एकच होय. त्यातही विशेष हे की, ज्या व्यक्तीशी या संस्काराचा सर्वांत निकट संबंध, तिला त्यात मुळीच मत नसते. कन्या पाळण्यात निजलेली असते. आजीच्या मनात कुलस्वामिनीचे नाव घोळत असते, आत्याने डोहाळजेवणाच्या दिवशीच एक नाव मुक्रर करून ठेवलेले असते, उपाध्याय पंचांग उघडून अक्षर सांगतात, आणि आईबापांची अपेक्षा एवढीच असते की, नाव जुने असावे, पण जुनाट नसावे.

ही अपेक्षा ऐकायला सोपी आणि पुरी करायला अवघड आहे. ‘जुने नाव’ म्हणून आपण ज्याची एका शब्दात बोळवण करतो, तो एकजिनसी ठेवा नव्हे. त्यात निरनिराळ्या काळांचे आणि निरनिराळ्या हेतूंचे थर आहेत. गार्गी हे जुने नाव आहे, रखमा हेही जुने, सिंधू हेही जुने आणि केराबाई हेही जुनेच. परंतु या चौघींची नावे चार वेगळ्या मनोवृत्तींतून उपजली आहेत, आणि त्या मनोवृत्ती ओळखल्यावाचून केवळ कानाला गोड लागले म्हणून नाव उचलणे म्हणजे दस्तऐवज न वाचता त्यावर सही करण्यासारखे आहे. म्हणून निवडीकडे वळण्यापूर्वी हे थर सुटे करून पाहणे इष्ट.

शास्त्रकारांच्या अटी

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात कन्येच्या नावाविषयी एकच श्लोक आहे, पण त्यात अटी भरगच्च आहेत: नाव सुखाने उच्चारता यावे, त्यात क्रौर्याचा भाव नसावा, त्याचा अर्थ स्पष्ट असावा, ते मनोहर आणि मंगल असावे, त्याच्या अंती दीर्घ वर्ण असावा आणि ते उच्चारताना आशीर्वाद दिल्यासारखे वाटावे. पारस्कर गृह्यसूत्र याच्याही पुढे जाऊन अक्षरे मोजते; मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे आणि मुलीचे विषम अक्षरांचे व आकारान्त असावे, असा त्याचा दंडक आहे. या दंडकाला यमुना, सुभद्रा, शारदा, अहिल्या ही नावे बिनतक्रार उतरतात. परंतु सीता, उमा, रमा आणि गौरी ही नावे द्व्यक्षरी म्हणून, तर सावित्री आणि रुक्मिणी ही ईकारान्त म्हणून बाद ठरतात. ज्या नियमाच्या चाळणीतून सीता आणि सावित्रीच निसटतात, तो नियम लोकांनी किती मनावर घेतला असेल, हे निराळे सांगावयास नको.

त्याहून मौजेची गोष्ट मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात आहे. तेथे वराने कोणती कन्या वरू नये याची यादी देताना नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी आणि सर्प यांची नावे धारण करणाऱ्या मुली वर्ज्य ठरवल्या आहेत. आता महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या घराची वंशावळ काढून बघावी: गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, नर्मदा आणि भागीरथी या नद्या, रोहिणी, रेवती आणि चित्रा ही नक्षत्रे, तुळसा ही वनस्पती आणि मैना हा पक्षी. मनूची आज्ञा जर अक्षरशः पाळली गेली असती, तर गोदाकाठची आणि कृष्णाकाठची गावेच्या गावे अविवाहित मुलींनी भरून गेली असती. तसे झाले नाही, याचा अर्थ इतकाच की नामकरणाच्या बाबतीत ग्रंथ एक सांगत होते आणि आज्या दुसरेच काही करीत होत्या, आणि अखेरीस निकाल आज्यांच्या बाजूने लागला. या नदीप्रेमाचे एक विलक्षण उदाहरण म्हणजे मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे. त्यांचा जन्म 1905 साली ब्रह्मदेशात झाला आणि तेथील महानदीचेच नाव त्यांना मिळाले. जन्मभूमीची नदी नावात घेऊन त्या महर्षी कर्वे यांच्या घरी सून म्हणून आल्या आणि पुढे ‘युगान्त’ लिहून त्यांनी महाभारतातील व्यक्तींकडे पाहण्याची नवी दृष्टी मराठी वाचकाला दिली.

शास्त्रकारांच्या अटींपैकी अक्षरांची मोजणी काळाने बाद केली, दीर्घान्ताची अट विसाव्या शतकात कमल, विमल, कुसुम, सुमन आणि मंगल यांनी मिळून मोडली. मात्र सुखोच्चार आणि स्पष्ट अर्थ या दोन अटी आजही तितक्याच खऱ्या आहेत, आणि त्यांच्याकडे आपणांस शेवटी पुन्हा वळावे लागेल.

पंचांगाचे अक्षर

उपाध्यायांनी सांगितलेले अक्षर म्हणजे अवकहडा चक्रातील अक्षर होय. सत्तावीस नक्षत्रे, प्रत्येकाचे चार चरण, असे एकशे आठ चरण होतात आणि प्रत्येक चरणाला एक अक्षर नेमून दिलेले आहे. अश्विनीच्या चार चरणांना चू, चे, चो, ला. रोहिणीला ओ, वा, वी, वू. मघेला मा, मी, मू, मे. अनुराधेला ना, नी, नू, ने. मघेवर किंवा अनुराधेवर जन्मलेल्या कन्येच्या आईबापांना मालती, मीरा, नलिनी किंवा निर्मला यांतून निवड करता येते. परंतु आर्द्रेच्या एका चरणाला ङ आणि हस्ताच्या एका चरणाला ण आलेला आहे, आणि या वर्णांनी आरंभ होणारे नाव तर मराठीतच काय, संस्कृतातही सापडणे दुरापास्त. अशा वेळी ज्योतिषी जवळच्या चरणाचे अक्षर घ्यावयास सांगतात; म्हणजे ज्या नियमाचे इतके भय बाळगले जाते, त्यात सवलतीची तरतूद आधीपासूनच आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, नक्षत्राचे अक्षर हाक मारण्याच्या नावाला लागू करावे, असे शास्त्रानेच कोठे सक्तीने सांगितलेले नाही. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्याय यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस रचलेला ‘धर्मसिंधु’ हा ग्रंथ महाराष्ट्रातील धर्मविधींचा बराचसा आधार आहे. त्यात नाव चार प्रकारचे मानले आहे: देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम. पहिली तीन विधीपुरती. चौथे जगात वावरण्यासाठी. ज्या घरात पंचांगाचा मान राखावयाचा आहे, त्यांनी नाक्षत्रनाम पत्रिकेत लिहून ठेवावे, संकल्पात उच्चारावे, आणि व्यवहाराचे नाव स्वतंत्र बुद्धीने ठरवावे. यात शास्त्राचाही भंग नाही आणि उपाध्यायांचाही अवमान नाही. रोमन लिपीतील अक्षरांची बेरीज साधण्यासाठी नावात एखादे अक्षर दुप्पट करण्याचा जो प्रघात अलीकडे दिसतो, त्याला मात्र यांपैकी कोणत्याच ग्रंथाचा आधार नाही.

ज्या नावांत दुसऱ्याचे नाव आहे

पुराणे आणि महाकाव्ये यांतील नावे सर्वांत भारदस्त वाटतात, आणि आज परंपरागत नाव शोधणारे आईबाप बहुधा तेथेच प्रथम जातात. परंतु या नावांची घडण बारकाईने पाहिली, तर एक गोष्ट लक्षात येते. जानकी म्हणजे जनकाची, द्रौपदी म्हणजे द्रुपदाची, पार्वती म्हणजे पर्वताची कन्या. मैथिली, वैदेही, पांचाली, गांधारी, माद्री आणि कौसल्या ही तर देशांवरून पडलेली नावे. द्रौपदीचे स्वतःचे नाव कृष्णा होते, हे महाभारताच्या सामान्य श्रोत्याला सहसा ठाऊकही नसते. नद्यासुद्धा या रीतीतून सुटल्या नाहीत: भागीरथी भगीरथाची, जान्हवी जह्नू ऋषीची आणि कालिंदी कलिंद पर्वताची. पारस्कराने मुलीच्या नावासाठी तद्धित प्रत्ययाचा, म्हणजे कोणाशी तरी असलेला संबंध दाखवणाऱ्या घडणीचा, आग्रह धरला आहे तो याच रीतीला अनुसरून. मुलगी कोणाची, हे सांगणे हे तिच्या नावाचे मुख्य काम मानले जाई. ती कोण, हा प्रश्न दुय्यम.

उपनिषदातील गार्गीदेखील गर्ग कुळावरून गार्गी आहे. वाचक्नवी हे तिचे दुसरे अभिधानही वचक्नूची कन्या एवढेच सांगते. तथापि तिने याज्ञवल्क्याला भर सभेत विचारलेले प्रश्न इतके तेजस्वी होते की, आज ते नाव उच्चारताना गर्गाची आठवण कोणालाच होत नाही. नावाचा अर्थ शेवटी व्याकरण ठरवत नाही, तर ते धारण करणारी व्यक्ती ठरवते.

याच्या उलट प्रवाह महाराष्ट्राच्याच भूमीवर होता, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. सातवाहन राजे स्वतःस गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र असे मातेच्या नावाने म्हणवून घेत. नाशिकच्या लेण्यांतील इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील शिलालेखात गौतमी बलश्री ही राजमाता आपल्या पुत्राचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, गुणवर्णन करते. यांतील गौतमी हे गोत्रावरून आलेले आणि बलश्री हे तिचे स्वतःचे. दोन्ही दगडावर कायम झाली. नाणेघाटातील लेखाशी निगडित नागनिका ही तिच्याही आधीची. बलश्री आणि नागनिका ही दोन नावे महाराष्ट्राच्या लिखित इतिहासातील अतिप्राचीन स्त्रीनामांपैकी आहेत. आणि तरी बारशाच्या याद्यांत ती अभावानेच आढळतात.

आजीची नावे

संस्कृत ग्रंथांच्या खाली मराठी घरांचा स्वतंत्र थर आहे आणि तो अत्यंत समृद्ध आहे. तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्रा’त बाइसा, महदाइसा, उमाइसा, आऊसा अशी नावे भेटतात, त्यांतील महदाइसा म्हणजे ‘धवळे’ रचणारी आद्य मराठी कवयित्री. संतांच्या मेळ्यात मुक्ताई, जनी, सोयरा, निर्मळा, कान्होपात्रा आणि बहिणा आहेत. शिवछत्रपतींच्या राण्यांत सई, सोयरा, पुतळा, सगुणा आणि काशी ही नावे आहेत. रुक्मिणीची रखमा, राधिकेची राही, पार्वतीची पारू आणि गोदावरीची गोदू ही रूपे बोलण्याच्या ओघात झिजून तयार झाली, आणि विठोबाच्या दोन्ही बाजूंस उभ्या असलेल्या राही-रखुमाई याच रूपांनी वारकऱ्याच्या ओठी बसल्या. सप्तपुरींपैकी काशी, मथुरा आणि द्वारका, शिवाय गया हे क्षेत्र, या तीर्थांची नावे मुलींना देण्याचा रिवाज तर इतका रूढ होता की, ज्यांना आयुष्यात जिल्ह्याबाहेर पाऊल टाकता आले नाही, अशा स्त्रियांच्या घरातून काशी आणि द्वारका दिवसभर भांडी घाशीत असत. गोमंतकात कवळ्याची शांतादुर्गा आणि म्हार्दोळची म्हाळसा, देशावर तुळजा, अंबिका आणि रेणुका, ही कुलदैवतांची नावे पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिली.

आजीचे नाव नातीला देण्याची चाल याच थरातील. तिच्यात कृतज्ञता आहे, पण अडचणही होती. सुनेने सासूचे नाव उच्चारावयाचे नाही, असा दंडक असल्याने नातीचे नाव गोदावरी ठेवले तरी तिची आई तिला त्या नावाने हाक मारू शकत नसे. मग ती पोर घरात ताई, माई, अक्का किंवा बयो होऊन राही, आणि तिचे खरे नाव लग्नाच्या याद्या लिहिण्याची वेळ येईपर्यंत जवळजवळ अडगळीत पडे. आजच्या सुनेला हा प्रतिबंध नाही, म्हणून आजीचे नाव ठेवावयाचे असेल तर ते हाकेसाठीच ठेवावे, नुसते दप्तरासाठी नव्हे.

या थराची एक काळी बाजूही आहे. मुले जगत नसत अशा घरात, दृष्ट लागू नये किंवा मृत्यूला हे मूल क्षुद्र वाटावे या हेतूने धोंडाबाई, दगडाबाई, केराबाई, भिकाबाई अशी नावे ठेवीत; त्यांच्यामागे क्रौर्य नसून भीती होती आणि तीत आईची माया होती. परंतु मुलीवर मुली झाल्या म्हणून ठेवलेले ‘नकोशी’ किंवा ‘नकुसा’ हे नाव निराळ्या जातीचे. ते मृत्यूची फसवणूक करण्यासाठी नव्हते, तर पुढची संतती मुलगा व्हावी म्हणून मुलीच्या कपाळी मारलेला शिक्का होता. 2011 च्या ऑक्टोबर महिन्यात सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने अशा अडीचशेहून अधिक मुलींचे जाहीर समारंभात नव्याने नामकरण झाले आणि त्यांच्यापैकी अनेकींनी आपले नाव स्वतः निवडले. परंपरेत आहे म्हणून प्रत्येक नाव आदरणीय ठरत नाही, याचा यापेक्षा ठळक दाखला देता येणार नाही.

एकाच देवतेची दोन नावे

आता प्रत्यक्ष निवडीचा प्रश्न. जुने हवे पण जुनाट नको, या अपेक्षेतून जो तोडगा मध्यमवर्गाने काढला आहे, तो असा की देवता तीच ठेवावयाची आणि नाव बदलावयाचे. भागीरथी नको, जान्हवी चालते. गोदावरी नको, गौतमी चालते. नर्मदा नको, रेवा चालते. यमुनेऐवजी कालिंदी, सीतेऐवजी मैथिली किंवा वैदेही, पार्वतीऐवजी अपर्णा, गिरिजा वा उमा, आणि लक्ष्मीऐवजी इंदिरा, रमा वा पद्मा. यांतील काही जोड्या अमरकोशात एकाच ओळीत नांदत आहेत. कोशकाराला त्यांत नवे-जुने काही नव्हते. भेद अर्थाचा नसून सहवासाचा आहे. भागीरथीबाई आपण जात्यावर, पाणवठ्यावर आणि सोवळ्यात पाहिलेल्या असतात. जान्हवी आपणांस ग्रंथात भेटलेली असते. एका नावाला माणसांचा वास आहे आणि दुसऱ्याला कोऱ्या पुस्तकाचा. ज्याला नवेपणा हवा त्याने दुसरे घ्यावे, त्यात गैर काही नाही. परंतु पहिले नाव ‘गावंढळ’ आहे म्हणून टाकले जात असेल, तर आपण नाव टाकत नसून ते नाव धारण करून कष्ट उपसणाऱ्या बायकांची एक पिढी टाकत आहोत, याची जाणीव मनाशी असावी.

शिवाय अभिरुचीचा हा काटा स्थिर नाही. 1880 मध्ये ‘शाकुंतल’, 1882 मध्ये ‘सौभद्र’, 1899 मध्ये ‘शारदा’ आणि 1919 मध्ये ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले आणि शकुंतला, सुभद्रा, शारदा, सिंधू ही नावे पदांसह घरोघर पोहोचली. ती त्या काळी ताजी होती. आज ती आजीची नावे आहेत. (1929 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला लोक शारदा कायदा म्हणत, ते मात्र या नाटकाच्या नायिकेवरून नव्हे, तर विधेयक मांडणाऱ्या हरविलास शारदा यांच्या नावावरून, विषय एकच असल्याने हा योगायोग अनेकांस फसवतो.) उलटपक्षी सई, राही, जुई, मुक्ता ही कालपर्यंत खेडवळ समजली जाणारी नावे आज शहरातील बालवाड्यांत पुन्हा ऐकू येतात. जे नाव आज जुनाट वाटते, ते मुलगी विशीत येईपर्यंत दुर्मीळ म्हणून हेवा वाटण्याजोगे होऊ शकते, आणि जे आज नवे वाटते, तेच वर्गात आणखी तिघींचे असू शकते. म्हणून निव्वळ चालू वाऱ्याकडे पाहून निवड करणे हे सर्वांत कच्चे धोरण होय.

तांदळातले नाव

परंतु या सर्व विचाराहून निर्णायक असा एक बदल गेल्या शतकात घडला आहे, आणि परंपरागत नावांची चर्चा करताना तो सहसा कोणी ध्यानी घेत नाही. महाराष्ट्रात मुलीचे नाव हे पूर्वी मुदतीचे असे. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून त्यांत सोन्याच्या अंगठीने नवे नाव लिहीत, आणि माहेरची यमुना सासरी रमा किंवा आनंदी होऊन उंबरठा ओलांडी. जोशांकडे गेलेली कल्याणची यमुना आनंदी झाली आणि त्याच नावाने 1886 मध्ये अमेरिकेतून वैद्यकीची पदवी घेऊन भारतातील आरंभीच्या स्त्री-डॉक्टरांत गणली गेली. कुर्लेकरांची यमुना 1873 मध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी रमा झाली आणि ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ तिने त्याच नावाने लिहिल्या. महर्षी कर्व्यांशी 1893 मध्ये पुनर्विवाह करणारी गोदू हीदेखील आनंदी झाली. झाशीची राणी माहेरची मणिकर्णिका आणि सासरची लक्ष्मी. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकही माहेरच्या मनकर्णिकाच. अशा रीतीने दोन यमुना आणि दोन मणिकर्णिका आपल्या इतिहासातून बारशाच्या नावानिशी अंतर्धान पावल्या. ज्या नावाने त्यांचे आईबाप त्यांना हाक मारीत, ते आज चरित्रांच्या पहिल्या पानापुरते उरले आहे.

या रूढीला अपवाद होते. पंडिता रमाबाई जन्माने रमा होत्या, लग्नानंतरही रमा राहिल्या आणि बाप्तिस्म्यानंतरही त्यांनी ते नाव सोडले नाही; त्यांच्या कन्येचे नाव मनोरमा, ज्यात आईचे नाव अखंड सामावले आहे. पण अपवाद थोडे आणि रूढी बलवत्तर. कोणत्याही कायद्याने वधूचे नाव बदलण्याची सक्ती केलेली नसताना केवळ चालीच्या जोरावर हे घडत आले.

याचा नामकरणावर काय परिणाम झाला असेल, हे उघड आहे. जे नाव दहाबारा वर्षे वापरावयाचे आहे, त्याची चिंता किती करणार? म्हणून बारशाच्या वेळी मुलाच्या नावासाठी जितका ऊहापोह होई, तितका मुलीच्या नावासाठी होत नसे. नदीचे, तीर्थाचे, वाराचे, फुलाचे जे नाव जिभेवर येईल ते ठेवून मोकळे होत. आज ही परिस्थिती राहिलेली नाही. शाळेच्या दाखल्यापासून पदवीपर्यंत आणि नोकरीच्या हुकमापासून पारपत्रापर्यंत एकच नाव चालावे लागते, आणि ते बदलावयाचे म्हटले तर शासकीय राजपत्रात प्रसिद्ध करून दप्तरोदप्तरी अर्ज करीत फिरावे लागते. कन्येचे पाळण्यातील नाव तिच्या हयातीपर्यंत टिकेल, ही अपेक्षा धरून नाव ठेवणारी आपली ही पहिलीच दोन-तीन पिढ्यांची वाटचाल आहे.

नावाची नोंद आणि निवडीच्या कसोट्या

कायद्याने या कामी घाई केलेली नाही. जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 नुसार जन्माची खबर एकवीस दिवसांत द्यावी लागते, परंतु त्या वेळी नाव ठरलेले नसले तरी नोंद होते. पुढे बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क दाखल करता येते, आणि त्यानंतरही विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत मुभा आहे. म्हणजे बाराव्या दिवशी बारसे झाले तरी सरकारी दप्तरात नाव चढवण्यापूर्वी काही महिने ते घरात वापरून पाहण्यास हरकत नाही. महाराष्ट्रात आणखी एक महत्त्वाचा बदल झाला आहे: 1 मे 2024 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या अपत्याच्या शासकीय नोंदीत प्रथम अपत्याचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरला आहे. गौतमीपुत्राच्या भूमीत आईचे नाव पुन्हा अपत्याच्या नावाशेजारी आले, ही समाधानाची गोष्ट. आणि व्यवहाराच्या दृष्टीने तिचा अर्थ असा की, मुलीचे नाव आता एकट्याने नव्हे, तर आईच्या नावाला लागून उच्चारले जाणार आहे.

यावरून काही कसोट्या आपोआप निघतात. पहिली, मनूचीच: सुखोच्चार. दोन-तीन नावे मनात धरून ती चार नावांच्या पूर्ण क्रमात मोठ्याने म्हणून पाहावीत; अंगणातून हाक मारावी, हजेरी घेतल्यासारखी म्हणावीत. मुलीचे आयुष्य महाराष्ट्राबाहेर जाण्याचा संभव असेल, तर ज्ञ, ऋ आणि ळ यांचाही विचार करावा. ज्ञानदा मराठीत एक, हिंदीत दुसरी आणि गुजरातीत तिसरीच होते, ऋतुजेचा आरंभ मराठी माणूस ‘रु’ने करतो आणि हिंदी भाषक ‘रि’ने, कमळेतील ळ दिल्लीत पोहोचेपर्यंत ल होतो. ही नावे टाकावीत असे नव्हे. पण मुलीला आपल्या नावाचा उच्चार जन्मभर शिकवीत बसावे लागेल, एवढे समजून घ्यावीत.

दुसरी कसोटीही मनूचीच: स्पष्ट अर्थ. नावाचा अर्थ आईबापांना एका वाक्यात सांगता आला पाहिजे, आणि तो त्यांनी कोशात स्वतः पाहिलेला असला पाहिजे. नामावलीच्या स्वस्त पुस्तकांत कोणत्याही अक्षरसमूहाला ‘देवीचे एक नाव’ असा अर्थ चिकटवण्याची जी सोय आहे, तिच्यावर विसंबू नये. तिसरी कसोटी वयाची: जे नाव पाळण्यात शोभते, ते साठाव्या वर्षी न्यायासनावर, शस्त्रक्रियागृहात, पिकाच्या पंचनाम्यावर किंवा नातवंडांच्या तोंडी शोभेल काय, याचा विचार करावा. लाडकी रूपे घरात आपोआप तयार होतात. ती दप्तरात चढवण्याची गरज नसते. गोदावरीची गोदू होतेच, पण गोदूची गोदावरी करावयास अर्ज द्यावा लागतो. चौथी कसोटी संबंधाची: नाव कोणाची तरी आठवण असेल, तर ती व्यक्ती कोण होती, हे मुलीला सांगता आले पाहिजे. खापरपणजी रखमा चार एकर कोरडवाहू जमिनीवर पाच लेकरे वाढवून गेली असेल, तर रखमा हे नाव कोणत्याही पौराणिक नावाहून कमी भारदस्त नाही.

दोन नावांत बरोबरी झाली, तर आमचा कौल असा: ज्या नावात मुलगी कोणाची आहे एवढेच सांगितले जाते, त्यापेक्षा जे नाव तिला स्वतंत्रपणे ओळख देते, ते पसंत करावे, आणि ज्या नावाला घरातील एखाद्या खऱ्या स्त्रीचा आधार आहे, त्याला केवळ कोशातील शोभेच्या नावापेक्षा अधिक मान द्यावा. नाव एकदा ठरले की जन्मनोंदीत, शाळेत आणि पारपत्रात त्याचे लेखन एकच राहील याची दक्षता घ्यावी, कारण एका वेलांटीच्या फरकाने पुढे प्रतिज्ञापत्रे करावी लागतात.

आणि शेवटची विनंती आईबापांस, तशीच पंचवीस वर्षांनंतरच्या तिच्या सासूसासऱ्यांस: इतक्या विचाराने ठेवलेले हे नाव तिचे आहे, लग्नाच्या दिवशी तांदळाच्या ताटात दुसरे नाव लिहावयाचे की नाही, हे तिला विचारावे आणि ती नको म्हणाली, तर अंगठी ताटाला लावू नये.